वाचणाऱ्याची सही

“आपण जुळवलेलं पान आपणच वाचायचं नसतं,” पेरय्या एकदा म्हणाले होते.

म्हणाले होते ते हैमवतीला, ती छापखान्यात आल्याच्या तिसऱ्या दिवशी. पडद्यावरचं पान त्यांनी कागदावर छापून तिच्यापुढे धरलं होतं, वर पेन्सिल ठेवली होती. तिला हसू आलं. पेरय्यांना ती बाबाई, म्हणजे काका, म्हणायची.

“बाबाई, हे काय शिशाचं आहे? चूक दिसली की तिथल्या तिथे खोडायची, झालं.”

पेरय्या हसले नाहीत. “ज्यानं जुळवलं त्याला काय असायला हवं ते दिसतं. काय आहे ते दुसऱ्यालाच दिसतं. वाच आणि खाली सही कर. सही झाली की चूक वाचणाऱ्याची.”

तिनं वाचलं, सही केली, तारीख घातली. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं म्हणून.

विजयवाड्याच्या गव्हर्नरपेटेतल्या त्या छापखान्यात पेरय्या पंधराव्या वर्षी रेपल्लेहून आले, आता पंचावन्नचे होते. तेलुगू अक्षराच्या पायाखाली दुसरं अक्षर लोंबतं. ते लोंबणारे तुकडे वेगळ्या खणांत असायचे, आणि तसल्या तीन-चारशे खणांतून पेरय्यांची बोटं न बघता फिरायची. छपाईचे शिशाचे खिळे उलटे असतात. त्यांना उलटं वाचायची इतकी सवय झाली होती की बायको म्हणायची, हा माणूस माझं मनसुद्धा मागच्या बाजूनं वाचतो. पुढे खिळे वितळवायला गेले, त्यांच्या जागी संगणक आला. पंचेचाळिसाव्या वर्षी पेरय्यांनी कळफलकाचा नवा खण-नकाशा बोटांना शिकवला आणि खिडकीशेजारच्या लाकडी खुर्चीवर बसले. गेली दहा वर्षं छापखान्याचं पंचांग त्या खुर्चीवरून निघत होतं.

संध्याकाळी सहा वाजता ते चष्मा डबीत ठेवत, जेवणाचा डबा पिशवीत टाकत, आणि दारात थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, “येतो.” बायको गेल्याचा निरोप आला त्या दुपारीही हातातलं पान पुरं बांधून, दारात थांबून “येतो” म्हणाले आणि मगच गेले, असं छापील कागदांच्या घड्या घालणारी सूरम्मा सांगायची. ते सांगताना तिचा हात थांबत नसे.

थोरले मालक वारले आणि मुलगा फणींद्र नान्नांच्या, म्हणजे वडिलांच्या, गल्ल्यावर बसला. त्याची बहीण शैलजा अमेरिकेत, न्यू जर्सीत. तिकडच्या तेलुगू मंडळींना पंचांग हवं होतं, पण पोस्टानं नको, पडद्यावर हवं होतं. फणींद्रनं पेरय्यांना बोलावून सरळ सांगितलं.

“उगादीच्या आधी पान तिकडे दिसलं, तर खुर्ची तुमची. नाही दिसलं, तर हे काम हैदराबादच्या कंपनीला देईन. मग इथे जुळवायला काही उरणार नाही, पेरय्यागारू. मी आधीच सांगून ठेवतो.”

शिकवायला म्हणून त्यानं हैमवतीला आणलं. ती त्याच्या बायकोची मामेबहीण, तेवीस वर्षांची. हैदराबादच्या अमीरपेटेतल्या एका क्लासात एका बाकावर पाच जणांत बसून ती वेब पानं लिहायला शिकली होती. तिथे यंत्रं कमी, म्हणून पान आधी वहीत लिहायचं आणि मग अर्धा तास यंत्र मिळायचं. पेरय्यांनाही तिनं वहीच घ्यायला लावली. त्यांना ते फार आवडलं.

“म्हातारपणी शाळा?” सूरम्मा घड्या घालता घालता ओरडली. “पेरय्यागारू, पाटी-दप्तर आणलंय ना? बाई छडी मारतील हं.”

“मारू दे. तुझ्या जिभेपेक्षा छडी मऊ असेल.”

हैमानं सांगितलं की वेब पानात मजकुराच्या दोन्ही बाजूंना खुणा असतात. कोनाच्या कंसात एक खूण उघडते, तिरकी रेघ घातलेली तशीच खूण ती मिटते. खुणा वाचणाऱ्याला दिसत नाहीत, पण त्यांच्याच जोरावर सगळं उभं राहतं. जी शेवटी उघडली ती आधी मिटायची. पेरय्यांनी मान हलवली. जुळवलेल्या पानाभोवती दोरा गुंडाळताना, शिशाच्या पट्ट्या आणि लाकडी ठोकळे ठोकताना हेच तर असतं. छापल्यावर ते कुणाला दिसत नाही, आणि एक ठोकळा सैल राहिला की उचलताना अख्खं पान सांडतं.

त्यांचंही एकदा सांडलं. पंचांगाचा महिना म्हणजे तक्ता असतो. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण असे पाच रकाने, तीस ओळी. टीआर ही खूण म्हणजे ओळ, टीडी म्हणजे घर. अकराव्या दिवसाच्या ओळीत एक घर मिटायचं राहिलं आणि पुढचा सगळा महिना एकाच रकान्यात चिणून उभा राहिला. हैमा शोधायला वाकली, तोवर पेरय्यांनी वहीत बोट ठेवलं होतं. “एकादशी. घर उघडं.” त्यांना पडद्याकडे बघावं लागलं नव्हतं.

पंधरा दिवसांत चैत्र महिना तयार झाला. मजकूर त्यांनी आपल्या नेहमीच्या फॉन्टात लावला. पंचांग दरसाल त्याच फॉन्टात छापत. हैमानं फॉन्टचं नाव खुणेत कुठे लिहायचं ते दाखवलं. पान उघडलं तेव्हा ते छापलेल्या पंचांगाइतकं देखणं होतं, रेघा सरळ आणि लोंबणारी अक्षरं जागच्या जागी. पेरय्यांनी ते छापलं, तिच्यापुढे ठेवलं. तिनं बारकाईनं वाचलं, एका नक्षत्राची वेळ दुरुस्त केली, खाली सही केली. कागद त्यांनी मधल्या खणात ठेवला आणि खण लावला.

गुरुवारी संध्याकाळी सहाला फणींद्रनं फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात. फोनचा आवाज त्यानं मोठा केला, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून. पेरय्या खुर्चीत बसले होते. हात मांडीवर.

“दिसतंय का गं?”

“उघडतंय, अन्नय्या. थांब. तक्ता दिसला.”

“मग?”

“मग... काय आहे हे?” शैलजाचा आवाज बदलला. “इंग्रजी अक्षरांना टोप्या घातल्यात. मधेच चौकोन, मधेच पौंडाची खूण. एक शब्द वाचता येत नाही. तुम्ही नीट पाठवलं ना?”

फणींद्रनं पडद्याकडे बघितलं. पडद्यावर चैत्र महिना होता, स्वच्छ तेलुगूत.

“इथे तर दिसतंय.”

“इथे नाही दिसत. आणि मी परवा मंडळात सगळ्यांना सांगून बसलेय.”

हैमाला कळलं होतं. पान फॉन्ट बरोबर नेत नाही, नुसतं त्याचं नाव नेतं. अक्षरांचे आकार या खोलीतल्या या एका यंत्राच्या पोटात होते. तिकडे नावानं हाक मारली गेली आणि कुणीच ओ दिली नाही. क्लासात हे एका वाक्यात सांगितलं होतं. ते वाक्य तिनं वहीत लिहिलं होतं, पेरय्यांना सांगितलं नव्हतं. आणि दोघांनी प्रूफ वाचलं होतं ते त्याच यंत्रावर. नव्या माणसानं ही चूक केली नसती. पण ज्या छापखान्यात दहा वर्षं एकच फॉन्ट आहे, तिथल्या माणसाला अक्षर आणि फॉन्ट या दोन गोष्टी आहेत असं कसं वाटावं? ते तिनं सांगायचं होतं.

फोन ठेवून फणींद्र वळला. “हे पाठवायच्या आधी कुणी बघितलं होतं का?”

पेरय्यांचा हात मधल्या खणाच्या मुठीवर गेला. तिथेच थांबला. त्यांनी हैमाकडे बघितलं. चिडून नव्हे. छापखान्यात एक माणूस दुसऱ्याची पाळी आली की जसा बघतो, तसं.

हैमानं पंख्याकडे बघितलं. सकाळीच फणींद्र तिला म्हणाला होता, हे जमलं की हैदराबादला तुझ्या नोकरीसाठी शब्द टाकतो. पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं. ते प्रत्येक फेरीला टक् असं वाजत होतं.

“बघितलं होतं,” पेरय्या म्हणाले आणि मुठीवरचा हात काढला.

“बघितलं होतं म्हणे! चाळीस वर्षं काढली इथे आणि बघता येत नाही?” फणींद्रचा आवाज चढला. बाहेर सूरम्माच्या घड्यांचा आवाज थांबला. “नान्ना होते म्हणून चाललं सगळं. मंगळवारी सहाला मी परत फोन लावणार. तेव्हा दिसलं नाही, तर बुधवारी हैदराबादची माणसं इथे येतील. कळलं?”

पेरय्यांनी चष्मा डबीत ठेवला. डबा पिशवीत टाकला. दारात थांबले.

“येतो.”

त्या रात्री हैमा मनाशी वाक्य जुळवत राहिली. चूक माझी होती, मी सांगायला विसरले. सहा शब्द. सकाळी सांगू. सकाळी फणींद्र कागदाच्या खरेदीला राजमुंद्रीला निघून गेला होता, सोमवारपर्यंत येणार नव्हता. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची लाज वाटली.

शुक्रवारी ती आपल्या जुन्या सरांकडून फोनवर माहिती काढून दोन छापील पानं घेऊन आली. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा आहे. पानात अक्षराऐवजी आकडा लिहायचा, पुढे-मागे खुणा करायच्या. नव्या यंत्रांना तो आकडा कळतो, तिथे आपोआप तेलुगू उमटतं. शैलजाचं यंत्र नवं होतं.

“पण काही उपयोग नाही, बाबाई,” ती म्हणाली. “आपलं यंत्र जुनं. इथे नुसते चौकोन दिसतील. मी दोन सायबर कॅफे पालथे घातले, तिथेही चौकोनच. आणि एका अक्षराला सात बटणं. महिन्याला साडेतीन हजार अक्षरं. न बघता. कोण करणार?”

पेरय्यांनी पानं उजेडात धरली. बराच वेळ वाचत राहिले. “अ तीन हजार सत्त्याहत्तर. क तीन हजार त्र्याण्णव,” ते पुटपुटले. मग म्हणाले, “साडेतीन हजार खिळे म्हणजे पूर्वी एका सकाळचं काम. आणि खिळा तरी कुठे सुलटा दिसायचा?”

वहीची दोन कोरी पानं त्यांनी समोरासमोर उघडली आणि पट्टीनं खण आखायला घेतले. हैमाला वाटलं ते तक्ता करताहेत. पण ते जुन्या पेटीचा नकाशा काढत होते, ज्या खणात जे अक्षर असायचं त्याच जागी. प्रत्येक खणात आता अक्षराऐवजी आकडा होता. शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी वहीकडे बघणं सोडलं.

एकाच ठिकाणी ते अडले. लोंबणाऱ्या तुकड्यांना आकडाच नव्हता. हैमानं समजावलं की वरचं अक्षर लिहायचं, मग जोडायचा आकडा एकतीसशे एकोणपन्नास, मग खालचं अक्षर. खाली लोंबायचं ते आपोआप लोंबतं.

“आपोआप कसं? तुकडा कोण कापतं?”

“कुणीच नाही.”

“मग चुकलं तर कुणाला विचारायचं?”

उत्तराची वाट न बघता ते कामाला लागले.

चैत्र हा एक शब्द पाच आकड्यांचा झाला. नक्षत्रांची सत्तावीस नावं, तिथींची पंधरा, वारांची सात त्यांनी एकदाच जुळवून वेगळी ठेवली, पुन्हा लागणारा मजकूर पूर्वी दोरा बांधून फळीवर ठेवत तशी, आणि लागतील तिथून उचलली. पडद्यावर ओळीमागून ओळ चौकोन उमटत गेले. सगळे चौकोन सारखे होते. खोलीत त्या पानाला अर्थ फक्त एका माणसाच्या डोक्यात होता. हैमा शेजारी बसून ते बघायची. एखादा माणूस अंधारात, ज्या घरात आता कुणी राहत नाही, त्याच्या पायऱ्या मोजत उतरतोय असं तिला वाटायचं.

रविवारी ती म्हणाली, “बाबाई, गुरुवारी मी...”

“तेविसावी ओळ. तिसरं घर. आकडे वाच, मी अक्षर सांगतो.”

तिनं आकडे वाचले. ते डोळे मिटून अक्षरं सांगत गेले, ती छापील पानावर ताडून बघत गेली. दोन चुका निघाल्या. सोमवारी संध्याकाळी सगळा महिना असा वाचून झाला. तिनं पेन्सिल उचलली.

“कुठे करू सही?”

“नको,” पेरय्या म्हणाले. “वाचणारे तिकडे आहेत.”

ते सहज म्हणाले होते. तिनं पेन्सिल जपून खाली ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

मंगळवारी सहाला पाच मिनिटं कमी असताना फणींद्र आला. घाम पुसत पडद्यापुढे उभा राहिला. तक्ताभर चौकोन होते.

“हे काय? इथे होतं तेही घालवलंत?”

“तिकडे दिसेल,” हैमा म्हणाली. “इथलं यंत्र जुनं आहे.”

“दिसेल की दिसतंय?”

सूरम्मा दारात येऊन उभी होती, हातात अर्धवट घडी घातलेला कागद. फणींद्रनं फोन लावला. घंटी वाजत राहिली. पेरय्या खुर्चीत होते, हात मांडीवर. त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, खिळ्याची खाच चाचपावी तसा.

“हं अन्नय्या, उघडते. मला आठला निघायचंय.” बटणांचा आवाज. मग शैलजाचा उसासा. “तेच आहे.”

“काय तेच?”

“तेच. टोप्या, चौकोन. काहीही बदललेलं नाही.”

फणींद्रनं पेरय्यांकडे बघितलं. पेरय्या फोनकडे बघत होते. अंगठा थांबला होता. वाकलेलं पातं वाजलं, पुन्हा वाजलं.

“ठीक आहे,” फणींद्र म्हणाला. “झालं तर मग. मी उद्या—”

“थांबा!” हैमा फोनवर वाकली. “अक्का, तुमच्या यंत्रानं जुनं पान धरून ठेवलंय. कंट्रोल दाबून धरा आणि वरचं एफ-पाच दाबा. दाबलंत?”

“थांब गं. कंट्रोल... एफ-पाच.”

तिकडे एक दार आपटलं. कुणाचं तरी पोर शाळेच्या बसविषयी काही ओरडलं.

“अक्का?”

“चैत्र शुद्ध पाड्यमी,” शैलजा म्हणाली. ती बोलत नव्हती, वाचत होती. “शनिवार. नक्षत्र अश्विनी... अगं बाई. सगळं आहे. खालची अक्षरंसुद्धा खाली आहेत. अन्नय्या, नान्नांच्या पंचांगासारखं दिसतंय रे!”

सूरम्मानं हातातल्या कागदासकट टाळी वाजवली. पेरय्यांनी फक्त श्वास सोडला, एवढा लांब की टेबलावरचा कागद हलला.

फोन ठेवला तेव्हा फणींद्रचा चेहरा मोकळा झाला होता. त्यानं हैमाच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास! गुरुवारचा गोंधळ तू चार दिवसांत निस्तरलास. तू नसतीस तर गावभर हसं झालं असतं.” मग पेरय्यांकडे वळला. “तुम्हीही मेहनत घेतलीत, पेरय्यागारू, मी नाही म्हणत नाही. पण एकदा डोळ्यांदेखत असं गेल्यावर मला धोका नको. उद्यापासून या खुर्चीवर हैमा बसेल. तुम्ही शेजारी स्टूल घ्या, तिला लागेल ते सांगा. पगारात काही फरक नाही.”

हैमाकडे वाक्य तयार होतं. चार दिवस ती ते जुळवत होती. चूक माझी होती, पान त्यांचं आहे.

“ते...” ती म्हणाली.

“काय?”

पेरय्या तिच्याकडे बघत होते. गुरुवारसारखंच.

“काही नाही,” ती म्हणाली. “आकडे त्यांना पाठ आहेत, एवढंच.”

“मग उत्तम! सांगतील तुला.” फणींद्र गल्ल्याकडे गेला.

पेरय्यांनी मधला खण उघडला. आतून एक कागद काढला, चैत्र महिना, स्वच्छ तेलुगू, खाली पेन्सिलीची सही आणि तारीख. तो त्यांनी हैमापुढे ठेवला, तिच्या बाजूनं सुलटा. वर आपली वही ठेवली, खणांचा नकाशा असलेली. मग ते उठले आणि खुर्ची टेबलाखाली सारली.

चष्मा डबीत ठेवला. डबा पिशवीत टाकला.

दारात ते रोजच्यासारखे थांबले. सूरम्मा बाजूला सरली. गल्ल्यावर पैसे मोजणारा फणींद्रचा हातसुद्धा सवयीनं क्षणभर थांबला. हैमानं मान वर केली आणि वाट बघितली.

पेरय्यांनी चपला पायात सरकवल्या आणि काही न बोलता बाहेर पडले.